घासणीचं टेबल

मी न्हाणीघरात काम करायचे. लंडनच्या एका टोकाला न्यू मॉल्डन म्हणून उपनगर आहे, तिथल्या कोरियन बायकांच्या न्हाणीघरात. इंग्लंडमध्ये जन्म काढलेल्या डॉक्टरच्या बायकोनं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे पहिला बर्फ, हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली थंडी आणि कोथिंबीर मिळवण्यासाठी केलेली वणवण, असं काहीतरी वाचकांना अपेक्षित असतं. बर्फाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. तो थंड असतो. मला सांगायचंय ते गरम पाण्याबद्दल, आणि तो विषय निघाला की या वयातही मला एका जागी बसवत नाही.

अरुण, म्हणजे माझा नवरा, भूलतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात आम्ही आलो तेव्हा त्याची नोकरी दर काही महिन्यांनी गाव बदलायची. लीड्स, ब्रिस्टल, परत लीड्स. मी पुण्यात ब्युटी पार्लरचा कोर्स केलेला होता, त्यामुळे जिथे जाऊ तिथे हॉस्पिटलच्या नर्सेसच्या भुवया कोरायचे. दोरा दातात धरून भुवया करणारी बाई यॉर्कशरच्या पोरींनी तोवर पाहिली नव्हती. एकीनं तर ऑपरेशन थिएटरमध्ये अरुणला सांगितलं, "डॉक्टर, युअर वाइफ इज अ मॅजिशियन." तो घरी येऊन म्हणाला, "दिवसभर माणसं झोपवायची आणि जागी करायची, ते काम मी करतो आणि मॅजिशियन तू!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला लंडनजवळ पक्की नोकरी लागली आणि आम्ही न्यू मॉल्डनमध्ये घर घेतलं. तेव्हा तिथे कोरियन कंपन्यांतली माणसं कुटुंबासकट येऊन राहत होती. हाय स्ट्रीटवर लाल लोणच्याच्या बरण्यांची दुकानं दिसायला लागली होती. त्यातच मिसेस हान यांचं केस कापायचं दुकान होतं. मी केस कापायला गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या आरशात पाहिलं, तर मागच्या दारातून एकामागून एक बायका बाहेर येत होत्या. ओले केस, लालबुंद गाल, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की त्यांनी आत नेमकं काय खाल्लं असेल असं मला वाटलं.

"व्हॉट इज बॅक देअर?" मी विचारलं.

मिसेस हान यांनी कात्री थांबवली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाथ. कोरियन बाथ. फर्स्ट टाइम, यू क्राय."

एवढं ऐकल्यावर कोण घरी जाईल?

ती जागा पूर्वी लाँड्रेट, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान होती, म्हणून मोठे पाइप आणि दांडगा बॉयलर तिथे आयताच होता. आत एक गरम पाण्याचा हौद, त्याहून गरम पाण्याचा एक छोटा हौद, एक बर्फासारखा गार, भिंतीला नळ, बसायला प्लास्टिकचे बुटके स्टूल, आणि पलीकडे रेक्झिन घातलेली दोन उंच टेबलं. कपडे बाहेरच ठेवायचे. सगळे. मी परकर छातीशी बांधून आत शिरले तर हौदातल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी ओव्हरकोट घालूनच आले आहे. शेवटी काढला बाई. दोन मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मग लक्षात आलं, कुणालाही माझ्यात काडीचा रस नाही.

आधी भरपूर वेळ गरम पाण्यात भिजायचं. साबण नाही, तेल नाही, काही नाही. कातडी पुरती भिजली की टेबलावर झोपायचं आणि मग मावशी येणार. कोरियन भाषेत मावशीला 'ईमो' म्हणतात आणि तिथे घासणाऱ्या बाईला सगळ्या ईमोच म्हणायच्या. ईमोच्या हातात मोज्यासारखी चढवलेली, खरबरीत कापडाची हिरवी पिशवी असते. मी तिला घासणीच म्हणते. त्या घासणीनं ती मानेपासून टाचांपर्यंत घासते, बाई झोपलीय की परात ठेवलीय याचा विचार न करता. आणि मग अंगावरून काय निघतं! खोडरबराचा कीस पडतो तसा राखाडी रंगाचा कीस. रोज आंघोळ करणाऱ्या घराण्यातली मी, लाजेनं चूर झाले. ईमो मात्र तो कीस बघून खूश. मधूनमधून बादलीभर पाणी ओतायची आणि मांडीवर चापट मारायची, म्हणजे कूस बदलायची.

मी रडले नाही. पण घरी पळत गेले. "अरुण, हात लाव! माझ्या कोपराला हात लाव!"

"काय लावलंयस?" तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"लावलं काही नाहीये, काढलंय!"

त्यानं हात लावला, आणि पेपर खाली ठेवला.

त्यानंतर मला वेडच लागलं. मिसेस हान यांना मी इतरांसारखीच 'ओन्नी', म्हणजे ताई, म्हणायला लागले आणि त्यांच्यामागे लागून जे जे असेल ते करून पाहिलं. त्यांच्या मैत्रिणीनं परसातल्या लाकडी शेडला आतून माती लिंपून भट्टीसारखी खोली केली होती. जिथे शेजारचे इंग्रज लॉनमोवर ठेवायचे, तिथे आम्ही सहा बायका सुती झगे घालून घाम गाळत बसायचो आणि उकडलेली अंडी खायचो. कौन्सिलला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या एका बाईकडे एका औषधी पाल्याचा शेक मिळायचा: भोक असलेल्या स्टुलावर बसायचं, खाली वाफेचं भांडं, गळ्यापासून पायापर्यंत मोठा झगा, आणि वर फक्त मुंडकं. अशा चार मुंडक्यांनी गोलात बसून गप्पा मारल्या की फार मजा येते. तिसरी एक फक्त चेहरा थोपटायची. बोटांनी टपटपटप, हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि वर काकडीचा गार कीस. उठून आरशात पाहिलं की आपणच आपल्याला ओळख दाखवावी असं वाटायचं.

शेवटी मी ओन्नीला विचारलं, "मला कामावर घेता?"

घेतलं. टॉवेल धुणं, काकडी किसणं, चेहऱ्याचे लेप लावणं. कोरियन न येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही माझ्याकडे आलं. एक निवृत्त इंग्लिश हेडमिस्ट्रेस यायची. पहिल्या दिवशी टेबलावरून उठली, खालचा कीस चष्मा लावून निरखून पाहिला आणि अतिशय गंभीरपणे मला विचारलं, "इज ऑल ऑफ दॅट माइन?" मी हो म्हटल्यावर म्हणाली, "गुड हेवन्स. आय हॅड अ बाथ ऑन संडे." पुढे ती इतकी नेमानं यायला लागली की कोरियन आज्या तिच्यासाठी हौदात कोपरा राखून ठेवायच्या.

आपलीही माणसं यायची. मराठी मंडळातली माझी मैत्रीण लेकीला घेऊन थेट बेसिंगस्टोकहून आली. लेक इंग्लंडमध्येच वाढलेली, तिकडे एका कॉम्प्युटर कंपनीत होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "वृंदा, दोन शेड तरी उजळ कर गं. वेडिंग फोटोग्राफर महागातला आहे." तेवढ्यात लेक माझ्या कानाशी आली. "काकू, मम्मीला सांग ना, मला गोरं नाही व्हायचा. मला फक्त त्या हॉट पूलमध्ये बसायची आहे." मी लेकीला हौदात बसवलं आणि आईला उचलून ईमोच्या टेबलावर टाकलं. ईमोचा हात पाठीवर पडल्यावर माणसाला शेडबिड सुचत नाहीत. बाहेर आल्यावर मैत्रीण आधी स्वतःच्याच दंडावरून हात फिरवत बसली आणि मग म्हणाली, "हिची पण स्किन छानच आहे की गं." लेकीनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

पण टॉवेल आणि काकडीवर माझं मन भरेना. मला ते दुसरं टेबल हवं होतं. ईमो एकटी घासायची आणि दुसरं टेबल रिकामंच असायचं. लेप कुणीही लावेल, पण घासणं ही खरी विद्या. किती जोर लावायचा, कुठे हलकं व्हायचं, घोट्याच्या हाडाला वळसा कसा घालायचा. मी घरी स्वतःच्या गुडघ्यांवर सराव करायचे. अरुणच्या पाठीवर केला तर तो म्हणाला, "भूल देऊन मग करत जा."

युनिफॉर्मचा प्रश्न होताच. ईमो काम करताना काळी ब्रेसियर आणि काळी निकर घालते, तोच तिचा गणवेश, कारण दिवसभर पाण्यात उभं राहायचं. अरुणनं एकदा सहज विचारलं, "आम्हाला थिएटरमध्ये हिरवे गाऊन असतात. तुम्हाला काय असतं?" मी सांगितलं. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला, साखर घातली नव्हती तरी. शेवटी काळ्या स्विमिंग कॉस्च्यूमवर मी आणि ओन्नीनं तडजोड केली.

तरी टेबल काही मिळेना. मी विचारलं की ओन्नी मान हलवायची. एक दिवस मी हट्टालाच पेटले, तेव्हा तिनं मला स्टुलावर बसवून सांगितलं. त्यांच्याकडे सणाआधी मुली आईबरोबर न्हाणीघरात जातात आणि आईची पाठ घासून देतात. हात तिथे तयार होतो. "यू वॉश युअर मदर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, माझी आई गेली. आणि असती तरी आमच्यात अशी पद्धत नाही.

"हजबंड्स मदर?"

मला हसूच आलं. ओन्नी हसली नाही. आपल्या माणसाची पाठ घासल्याशिवाय परक्याच्या पाठीला हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. सासूला आण, माझ्यासमोर घास, मग टेबल. नाहीतर काकडी.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या होत्या. स्वभावानं प्रेमळ, पण आयुष्यात कुणाकडून काही करून घेतलं नाही. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः विसळणार. पाहुणी म्हणून गेल्या तरी स्वतःचा साबण डबीत घालून नेणार. डोकं दुखलं तर डोक्याला हात लावू देणार नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वाकून नमस्कार करताना पायांना बोटं लागायची तेवढाच आमचा स्पर्श. अशा बाईला मी सांगायचं, की आई, चला, मला तुम्हाला घासायचंय!

दोन दिवस तोंड उघडेना. मग स्वयंपाकघरात त्या मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. टेबल, ओन्नीची अट, सगळं.

"म्हणजे तुझं ते ब्युटी पार्लर म्हणजे हे होय," त्या म्हणाल्या. "कपडे किती काढायचे असतात?"

"सगळे."

त्यांनी शेंग सोलली. मग आणखी एक. मटार संपेपर्यंत त्या सोलतच राहिल्या. मी मनातल्या मनात काकडीशी तह केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाल्या, "गुरुवारी माझा उपास असतो. बुधवारी जाऊ."

बुधवारी सकाळी त्या कितीतरी वेळ बाथरूममध्ये कडी लावून होत्या. मला वाटलं, धीर गोळा करताहेत. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते.

न्हाणीघरात त्यांनी टॉवेल घट्ट धरून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबल्या. हौदात त्यांच्या वयाच्या तीन-चार कोरियन आज्या बसल्या होत्या, खळखळून हसत होत्या. "अगंबाई, यांना काहीच वाटत नाही का गं?" त्या पुटपुटल्या. एका आजीनं वर पाहिलं, सरकून जागा केली आणि शेजारच्या पाण्यावर हात थोपटला. बस इथे, एवढाच त्याचा अर्थ. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, टॉवेल माझ्या हातात दिला आणि नळाखाली भर्रकन अंग ओलं करून हौदात उतरल्या. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर त्यांनी जो उसासा सोडला, तो मी कधी ऐकला नव्हता.

आणि मग पाण्यावर गोल गोल चकत्या तरंगायला लागल्या. चकाकणाऱ्या. ओन्नीनं त्या पाहिल्या, कपाळाला आठ्या घातल्या, ईमोनं वाडग्यानं त्या निपटून काढल्या. माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. मी दुसऱ्याच तंद्रीत होते.

सासूबाई टेबलावर पालथ्या झोपल्या. माझा काळा कॉस्च्यूम त्यांनी मान वळवून पाहिला. "हा युनिफॉर्म? बरा आहे. पदर भिजायची भानगड नाही." ओन्नी हाताची घडी घालून स्टुलावर बसली. मी घासणी चढवली, देवाचं नाव घेतलं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पहिला हात ओढला.

घासणी सटकली. पुन्हा ओढला. पुन्हा सटकली. कीस नाही, कण नाही, काही नाही. मी जोर वाढवला, पाणी ओतलं, दंड घासले, पोटऱ्या घासल्या. हिरवी घासणी नुसती घसरगुंडी खेळत होती. माझ्या कपाळावरून घाम गळायला लागला.

"व्हाय नो कम आउट?" ओन्नी म्हणाली आणि उठून उभी राहिली.

मी घासणीचा वास घेतला. खोबरेल!

"आई, तुम्ही अंगाला तेल लावलंय?"

"लावलंय," त्या टेबलाशी पुटपुटल्या. "सगळ्या अंगाला."

"अहो पण का? मी म्हटलं होतं ना, काही लावायचं नाही!"

त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या इथल्या पाण्यानं कातडी कशी झालीय बघ. पोटऱ्यांवर नुसत्या भेगा. लोकांनी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं? सून सासूकडे बघत नाही, असंच ना? तुझ्या कामाच्या जागी तुझं नाव खराब झालं असतं."

माझे हात तसेच थांबले. नाव माझं राखायला निघाल्या होत्या आणि टेबल माझं चाललं होतं. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. ओन्नीनं विचारलं, "व्हॉट शी से?" मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. ओन्नीनं ते ईमोला कोरियन भाषेत सांगितलं आणि ईमो भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग काळ्या निकरवर टॉवेल गुंडाळून ती मागच्या स्वयंपाकघरात पळाली आणि वाडगाभर पिवळसर पीठ घेऊन आली. धिरड्यांसाठी ठेवलेलं असावं.

सासूबाईंनी मान उचलून बोटानं चिमूट घेतली, हुंगली. "हे तर मुगाचं पीठ! यांना कसं माहीत? डाळीचं नसलं तर हेच. लाव, तेल सगळं निघेल. पाणी बेतानं घे, लगदा नको करू." पालथ्या पडल्या पडल्या त्यांनी मला कालवायला शिकवलं. ईमो दुसऱ्या बाजूनं तिच्या भाषेत तेच शिकवत होती. दोघींचं एकमत होतं, ते मला हातवाऱ्यांवरून समजलं. मी आणि ईमोनं मिळून त्यांना पिठानं चोळलं, धुतलं आणि परत हौदात बसवलं. शेजारच्या आजीनं त्यांना सोललेलं अंडं देऊ केलं. अंडं न खाणाऱ्या सासूबाईंनी ते हातात धरून तिच्याशी मराठीत गप्पा मारल्या.

दुसऱ्यांदा टेबलावर आल्या तेव्हा मी काही बोलले नाही. हात ओढला. आणि निघाला! खांद्यावरून, पाठीच्या कण्यावरून, राखाडी कीस नुसता वळ्यावळ्यांनी सुटायला लागला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी घासत राहिले, भेगाळलेल्या पोटऱ्यांवर हलकी झाले, घोट्याला वळसा घातला, टाचांशी आले, वरून कोमट पाणी ओतलं. त्यांची पाठ खाली कोवळी गुलाबी दिसायला लागली. आधी दगडासारखे ताठ असलेले खांदे कधी सैल पडले ते मला समजलंच नाही.

ओन्नी जवळ आली. त्यांच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. मी घासणी हातात धरून वाट बघत होते. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. वाकून सासूबाईंच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, "मदर. शी गेट टेबल? यस? नो?"

"काय म्हणतेय गं?"

"आई, मला टेबल द्यायचं का, असं विचारतेय."

"मला कशाला विचारते?"

"पाठ तुमची आहे म्हणून."

गाल हातांवर टेकवून त्या पडून होत्या. डोळे मिटलेले. "अरुणनंतर शकू झाली," त्या म्हणाल्या, "तेव्हा सखूबाई यायची मला न्हाऊ घालायला. बाळंतिणीची आंघोळ. त्यानंतर आजतागायत मला कुणी आंघोळ घातली नव्हती. द्या म्हणावं हिला."

मी पहिलं वाक्य इंग्रजीत केलं, दुसरं केलं आणि घासणीच्याच हातानं डोळे पुसले. ओन्नीला उरलेलं सांगावं लागलं नाही. तिनं माझ्या हातातली घासणी काढून घेतली, नवी कोरी, हिरवीगार घासणी आणून दिली आणि ते टेबल दोनदा थोपटलं. मी ओल्या कॉस्च्यूममध्येच तिला मिठी मारली. ईमोनं टाळ्या वाजवल्या, हौदातल्या आज्यांनीही वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

दारात पुढचं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. ओन्नीनं सासूबाईंच्या खांद्याला हलकेच हात लावला, आता उठा म्हणून. सासूबाई हलल्या नाहीत.

"सांग तिला, थांब म्हणावं जरा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बाळंतिणीला कुणी असं लगेच उठवतं का?"